हाकेला न येणारा झिपऱ्या

गोष्ट फार जुनी नाही आणि कालपरवाचीही नाही. नदीच्या वळणावर, जिथे चिकणमाती हवी तेवढी मिळायची अशा एका गावात, एक कुंभार आणि त्याची बायको राहत होती. त्यांनी कुत्र्याचं एक पिल्लू पाळलं होतं. डोळ्यांवर सारखे केस यायचे, म्हणून त्याचं नाव झिपऱ्या.

पिल्लू होता तोवर झिपऱ्या फार शहाणा होता. बस म्हटलं की बसायचा, थांब म्हटलं की उंबऱ्याशी थांबायचा, हाक मारली की कान उडवत धावत यायचा. हे सगळं आपणच शिकवलं, असं कुंभार येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

मग झिपऱ्याचे पाय लांब झाले, आवाज फुटला आणि शिकलेलं सगळं कुठेतरी गळून पडलं. हाक मारली तर तो मान वळवून बघायचा, जरा विचार करायचा आणि उलट्या दिशेला निघून जायचा. दोरीवरचं धोतर चिखलात लोळवायचा. मडकी ठोकायचं लाकडी थापटणं चावून त्याने त्याचा भुगा केला. कोंबडी दिसली की अंगणात वाळत ठेवलेल्या मडक्यांतून आरपार. जी फुटली नाहीत त्यांवर पंजे उमटले. ही नवी नक्षी का, असं एका गिऱ्हाइकाने विचारलं, तेव्हा कुंभाराला हसू आलं नाही.

"सकाळपासून घसा फोडतोय," तो बायकोला म्हणाला. "आणि हा माझ्याकडे असा बघतो, की मीच वाट चुकून याच्या घरी आलोय."

शेजारच्या सुताराने सांगितलं, की या वयात काठीशिवाय कुत्रं वठणीवर येत नाही. कुंभाराला ते पटलं.

एके दिवशी झिपऱ्या शेळ्यांच्या मागे नदीकडे पळाला. कुंभाराने चाकावरचं काम टाकलं आणि अख्खी दुपार त्याला हाका मारत नदीकाठी फिरला. चाकावरची माती सुकून गेली. उन्हं उतरली तेव्हा झिपऱ्या झुडपातून बाहेर आला, शेपटी हलवत थेट कुंभाराच्या पायाशी येऊन बसला. कुंभाराने काठी उचलली आणि दमेपर्यंत मारलं.

"आता लक्षात राहील," तो म्हणाला.

राहिलं. दुसऱ्या दिवशी कुंभाराने हाक मारली तेव्हा झिपऱ्या आला, पण काठी पोचणार नाही एवढ्यावर थांबला. कुंभार पुढे सरकला की तो मागे सरकायचा. कुंभार आणखी ओरडला, तसा तो आणखी लांब गेला.

"बघ, किती माजलाय," कुंभार म्हणाला.

कुंभारीण माती तुडवत होती. ती थांबली. "माजलेला नाही तो. तुम्ही बोलावलंत, तो आला, आणि मार खाल्ला. अहो, काय शिकवलंत तुम्ही त्याला?"

"मग काय ओवाळू त्याला?"

"नका ओवाळू. ती काठी तेवढी माझ्याकडे द्या."

कुंभाराने काठी दिली, पण अट घालून. मडकी भाजायचा पुढचा आवा पेटेपर्यंत कुत्रा सुधारला नाही, तर त्याला नदीपलीकडे सोडून यायचं.

कुंभारणीने आधी मडक्यांभोवती काट्यांचं कुंपण घातलं, म्हणजे बिघडवायची संधीच नको. चावायला जुना काथ्याचा दोर दिला. कामाला बसण्याआधी ती त्याला लांब दोरी बांधून नदीकाठी मनसोक्त पळू द्यायची. मग गोड आवाजात हाक मारायची. आला की कौतुक, सुक्या मासळीचा तुकडा, आणि पुन्हा पळायला मोकळा. नाही आला तर ओढायची नाही, ओरडायची नाही, वाट बघायची.

हे सोपं नव्हतं. एक दिवस झिपऱ्या पहिल्या हाकेला यायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःचं नावही आठवायचं नाही. एकदा तो तिच्याच डोळ्यांसमोर चिखलात लोळला आणि मासळीकडे ढुंकूनही बघेना. तिला रडू आलं. "तुझ्यापेक्षा दगड पाळला असता तर बरं," असं म्हणून ती त्याला घरी बांधून माती तुडवायला गेली, आणि राग उतरेपर्यंत तुडवत राहिली. चिडलेल्या तोंडाने ती त्याला कधी हाक मारत नसे.

कुंभार हे सगळं बघत होता. झिपऱ्या तिच्याकडे यायला लागला होता, त्याच्याकडे मात्र अजून नाही. ते त्याला लागलं. बायको म्हणाली, की ज्याने भीती घातली त्यानेच ती काढायची. मग कुरकुरत का होईना, तोही रोज अंगणात पाठमोरा बसू लागला, उघड्या तळहातावर तुकडा ठेवून. बरेच दिवस ती मासळी मुंग्यांनीच खाल्ली. मग एका सकाळी तळहाताला ओलं नाक लागलं.

आवा पेटवायचा दिवस आला. हंगामभराची मडकी रचून त्यांवर गवत, गोवऱ्या आणि मातीचा लेप चढवला होता. बाहेरून तो नुसता राखाडी ढीग दिसत होता, पण आत निखारे फुलले होते. कुंभारीण पाण्याला गेली होती. आवा त्या काट्यांच्या कुंपणातच होता, आणि गोवऱ्या आणताना कुंभाराकडूनच त्याचं झाप, म्हणजे दार, उघडं राहिलं. तेवढ्यात गवतातून एक मुंगूस निघालं आणि आव्याच्या दिशेने पळालं. त्याच्या मागे झिपऱ्या सुटला.

मुंगूस ढिगाला वळसा घालून गेलं. झिपऱ्या मात्र सरळ ढिगावर उडी घेण्याच्या बेतात होता.

कुंभाराच्या तोंडाशी शिवी आली. ओरडलो तर हा पुढेच पळेल, हे त्याला कळलं. त्याने शिवी गिळली, खाली बसला, हात पसरले आणि बायको मारायची तशा गोड आवाजात म्हणाला, "झिपऱ्या, ये रे बाळा."

झिपऱ्या थांबला. त्याने मुंगसाकडे बघितलं, मग कुंभाराकडे. आणि वळला.

तो मांडीवर येऊन आदळला तेव्हा कुंभाराचा हात वर उठला होता. घाबरलेल्या माणसाचा उठतो तसा. तो हात त्याने हळूच खाली आणला आणि कुत्र्याच्या पाठीवर ठेवला. मग आपल्या जेवणाचं फडकं सोडलं आणि त्यातली सगळी मासळी त्याच्यापुढे ठेवली.

कुंभारीण परतली, तर कुंभार कोरडी भाकरी खात बसलेला. काय झालं ते त्याने सांगितलं. झिपऱ्याला नदीपलीकडे सोडायची गोष्ट कुणीच काढली नाही.

दुसऱ्या दिवशी झिपऱ्या सुताराची वहाण पळवून शेतात शिरला. कुंभाराने हाक मारली. झिपऱ्याने बघितलं, विचार केला आणि पुढे निघाला. कुंभाराने कपाळावर हात मारला, मोठा श्वास घेतला आणि पुन्हा हाक मारली, तशीच, गोड आवाजात.

तात्पर्य काढायचंच तर हे, की जो आपल्या हाकेला आला त्याला आल्याबद्दल कधी शिक्षा करू नये. तो उशिरा आला असला तरी नाही.