बक्षिसाची ढाल आणि केरसुणी

झाडू-डबे बोलायचे तेव्हाची गोष्ट. शाळेतली केरसुणी ओरडून दमली, पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवलाच नाही.

"अगं, पोरं ओला-सुका कचरा जीव लावून निवडतात, अन् शनिवारी दोन्ही डबे मागच्या एकाच खड्ड्यात पालथे होतात! तिथं गाभण चंपी शेळी चरते!"

"गप गं झिजके," भिंतीवरची ढाल फिसकन हसली. "स्वच्छतेचं बक्षीस काय उगाच मिळतं?"

सोमवारी चंपी खड्ड्यात मरून पडलेली सापडली. तोंडातून पोरांनीच धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी लोंबत होती.  

हेडमास्तर अहवालाची वही घेऊन वर्गात आले. "लिहा रे," म्हणाले, "शाळेनं कचरा नीटच निवडला होता. चूक एकटीची. नाव लिहा: चंपी."