कांडीवालीचं धरणं

पुष्कळ वर्षं झाली, इतकी की मोजणाऱ्यांनी मोजणं सोडून दिलं, तेव्हाची ही गोष्ट. एका विणकरांच्या गावात एक तरुण बाई होती. मोठ्या मागवाल्याकडे ती कांड्या भरायची, म्हणजे विणायचं सूत नळीवर गुंडाळून द्यायची. मजुरी आठवड्याला एक पायली ज्वारी. शिवाय राणीच्या शालूचं सूत वेळेत पुरवलं तर एक लुगडं बक्षीस, असं मालक स्वतःच्या तोंडाने बोलला होता.

शालू वेळेत गेला. "ज्वारी नंतर देतो" म्हणता म्हणता चार महिने गेले. आणि एका दुपारी कांडी भरता भरता तिला कळा सुरू झाल्या.

बाळ दोन महिन्यांचं झालं, घरातली कणगी रिकामी झाली. नवरा बैलांच्या तांड्याबरोबर मीठ आणायला समुद्राकडे गेलेला. पोटात अन्न नाही, तर बाळाला दूध कुठून येणार? ती मालकाकडे गेली.

"हंगाम अर्धवट टाकून गेलीस," मालक म्हणाला. "अर्धवट कामाची मजुरी कसली? आणि बक्षीस कसलं?"

ती निमूट घरी आली. त्याचंच बरोबर असेल, असं तिला वाटलं. कळा संध्याकाळपर्यंत थोपवता आल्या असत्या का, याचाही तिने प्रामाणिकपणे विचार करून पाहिला. मग बाळ रडलं, आणि विचार तिथेच राहिला.

त्या गावात धरण्याची रीत होती. ज्याचं येणं बुडालं, त्याने देणेकऱ्याच्या उंबऱ्याशी उपाशी बसायचं. दारात माणूस उपाशी असेपर्यंत घरधन्यानेही अन्नाला शिवायचं नाही. जो शिवेल, त्याचा माल गावात कुणी घेत नसे.

सकाळी ती बाळाला घेऊन मालकाच्या दारात बसली. मालक हसला. "बस, बस. अंगावर पाजणारी तू. दिवस कलायच्या आत उठशील."

त्याचं बोलणं खरं ठरलं. दुपारपर्यंत दूध आटत आलं, बाळ टाहो फोडू लागलं. शेजारणीने सकाळी दिलेली भाकर तिने पदरातून काढली आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागावरची म्हातारी आक्का बाहेर आली. "काय गं, उठलीस?"

"बाळासाठी खावं लागेल, आक्का. मोडलं माझं धरणं. मला नाहीच जमत असलं काही."

आक्का तिच्याशेजारी फतकल मारून बसली. "रीत म्हणते, दारात उपाशी माणूस पाहिजे. कुणी, ते कुठं सांगितलंय? तू जेव. ही वेळ माझी."

पुढच्या वेळेला आक्का उठली आणि धोटा टाकणारा विणकर बसला. त्याच्यानंतर सूत रंगवणारी. एकेकाने एकच जेवण सोडायचं. कारखान्यात तीस माणसं होती. तीस वेळची जेवणं एकट्याने कुणाला सोडायची आहेत, हे मालकाला लवकरच कळलं.

"हे चालायचं नाही!" तो ओरडला. "धरणं तिचं आहे!"

"मजुरी तिची, मालक, भूक आमची," आक्का म्हणाली. "रीत खोटी वाटत असेल तर जेवा की. आम्ही कुठं हात धरलाय?"

"सगळ्यांना काढून टाकीन!"

"काढा. मग सगळ्यांचंच देणं निघेल. ओटा पुरेल का तेवढ्यांना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कांडीवाली चटणीभाकर खात होती आणि मालक दाराआडून बघत होता. तिला इतकं अवघडल्यासारखं झालं, की "घेता का चतकोर?" असं विचारायला तिने तोंडही उघडलं होतं. आक्काने वेळेवर चिमटा काढला.

संध्याकाळ व्हायच्या आत चार महिन्यांची ज्वारी मापून दारात आली, वर बक्षिसाचं लुगडं. मालक सरळ जेवायच्या पाटावर जाऊन बसला.

ती प्रत्येकापुढे ओंजळभर ज्वारी धरू लागली. कुणी घेईना. "तुझ्या कष्टातला दाणा आम्हाला नको," आक्का म्हणाली. "बारसं राहिलंय ना अजून? तिथं जेवू."

बारसं झालं. तीस माणसं जेवली. भाकरी कमी पडतील म्हणून ती सारखी टोपलीत डोकावत होती; कमी पडल्या नाहीत. प्रत्येकाच्या पायाशी तिने बाळाला ठेवलं.

त्या दिवसापासून तो मालक आठवडा संपायच्या आत मजुरी देऊ लागला. मन बदललं म्हणून की भूक आठवली म्हणून, ते त्यालाच ठाऊक. आणि गावात कुणीही कुणाच्या दारात धरणं धरलं, की कांडीवाली बाळाला कडेवर घेऊन तिथे जाई आणि म्हणे, "एक वेळ माझी."

तात्पर्य: आपल्या कष्टाचं मागताना लाजू नये, आणि आपल्यासाठी ज्यांनी घास सोडला त्यांना कधी विसरू नये.