डोंगराचा वाटा

पुष्कळ पूर्वी, इतक्या पूर्वी की तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येणार नाही, एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात शेतं थोडी आणि दगड फार. पण त्या गावचे वाजवणारे साऱ्या मुलखात नावाजलेले होते.

हे लोक गात नसत, नुसते वाजवत. त्यांच्या वाजवण्याला शब्द नव्हते, कारण ते डोंगराचं वाजवणं होतं, आणि डोंगराला कुठे बोलता येतं? सनई शेळ्यांच्या वाटेने हळूहळू वर चढायची. ढोल धबधब्याबरोबर खाली यायचा. किंगरीची तार कपारीतल्या वाऱ्याचा सूर धरायची. ऐकणाऱ्याने डोळे मिटले की तो बसल्या जागी कडा चढू लागे, आणि उठताना त्याच्या पोटऱ्या दुखल्या तर नवल नव्हतं.

या वाजवण्यात एक जुनी रीत होती. वाजवणं ऐन भरात आलं की सगळे एकदम थांबत. सनई खाली, ढोलाच्या काठ्या मांडीवर, किंगरीचा गज तारेवरून उचललेला. मग सगळे कड्याकडे कान लावून बसत. कधी झऱ्याचं पाणी ऐकू येई, कधी घारीची शीळ, कधी नुसता घरंगळलेला खडा. थोड्या वेळाने त्यांच्यातलं सगळ्यात वयस्क माणूस मान हलवी आणि वाजवणं पुढे सुरू होई. या थांबण्याला ते 'डोंगराचा वाटा' म्हणत. जेवणाआधी देवाचा घास काढून ठेवावा, तसा वाजवताना डोंगराचा वाटा काढायचा. का काढायचा, हे कुणी विचारत नसे. आणि ज्या रीतीचं कारण लोक विसरतात, ती मोडायला कितीसा वेळ लागतो?

ती मोडली खेमाने.

खेमा गावचा सनईवाला. गाल फुगवून, श्वास न तोडता तो असा वाजवायचा की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. तो वाईट माणूस होता असं समजू नका. उलट त्याला गावाची काळजी होती, आणि सगळा घोळ त्या काळजीपायीच झाला.

राजा तेव्हा दूर मैदानात किल्ला बांधत होता. त्यासाठी घरटी एक माणूस वेठीला जाई. बिनमजुरीचे दगड वाहायचे, पाठीवर कोरडे खायचे, आणि परत कधी येणार ते विचारायचं नाही. खेमाचा थोरला भाऊ तिथेच अडकला होता. गावचा ढोल आधी तोच वाजवायचा. आता त्या हातांनी तो दगड उचलत होता, आणि इकडे खेमाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

असं असताना एका सणाला राजाने या वाजवणाऱ्यांना दरबारात बोलावलं. वाजवणं रंगलं, भरात आलं, आणि रिवाजाप्रमाणे सगळे थांबले. पण तिथे कसला कडा आणि कसला झरा! वर पाहिलं तर झुंबरं. कुणी तरी खोकलं, कुणी फिदीफिदी हसलं. राजाच्या कपाळाला आठी पडली.

"पुढचं विसरलात काय रे?" त्याने विचारलं.

खेमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने झटकन सनई ओठांना लावली आणि ती रिकामी जागा अशी काही भरून काढली, सूर असे काही नाचवले, की दरबार डोलू लागला. राजा खूश झाला. म्हणाला, "हेच मला तुमच्या कड्याखाली बसून ऐकायचं आहे. भाद्रपदात मी येतो. मन भरलं तर हवं ते माग."

"म्हाराज," खेमा हात जोडून म्हणाला, "आमच्या गावाची वेठ माफ करा."

"करीन. पण एक ध्यानात ठेव. मध्येच तुटलेलं वादन मला खपत नाही. मी हात वर करीपर्यंत ते थांबता कामा नये. थांबलं, तर घरटी एकाऐवजी दोन माणसं वेठीला येतील."

खेमा गावी परतला तो हेच घोकत. दुसऱ्या दिवसापासून कड्याखालच्या मैदानात सराव सुरू झाला, आणि डोंगराचा वाटा सनईने गिळून टाकला.

सगळ्यांनी मान डोलावली, एकट्या कोंडाईने नाही. कोंडाई खेमाची आत्या, त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, आणि किंगरी तिचीच.

"आरं खेमा, दुसऱ्याचा वाटा खाल्लेला पचत न्हाई," ती म्हणाली.

"डोंगराला कुठं भूक लागतीया आत्या? आन् दादा तिकडं उपाशी हाय, त्याचं काय?"

यावर म्हातारी काय बोलणार? प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी वेठीला गेलेलं.  पण वाट्याची जागा आली की ती गज उचलून धरायची आणि बाकीचे वाजवत असताना एकटीच कड्याकडे बघत राहायची. सनई आणि ढोलापुढे तिला काय ऐकू येणार? खेमाला मात्र तिच्या त्या बघण्याचा राग यायचा. म्हातारी हट्टाला पेटली आहे, असं त्याला वाटायचं.

त्या वर्षी पाऊस नको म्हणेपर्यंत पडला. भिंतींना ओल चढली, चुली धुमसत राहिल्या. सराव मात्र एक दिवस चुकला नाही. मैदानाच्या कडेला पळसाच्या पानांची छपरी घालून ते वाजवत बसत आणि रोज आधीपेक्षा सफाईने वाजवत.

भाद्रपदात पावसाने उघडीप दिली, आणि राजा आला. हत्ती घाटाखालीच राहिले होते. मेण्यात बसून राजा, घोड्यावर प्रधान, मागे भालाईत. कड्याखालच्या मैदानात गालिचा अंथरला. सकाळचं ऊन पडलं होतं आणि कडा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसत होता. सारं गाव हात जोडून उभं होतं. आज एका सनईवर कितीतरी माणसं टांगलेली होती.

खेमाने सनई उचलली. हात ओले झाले होते, ते त्याने धोतराला पुसले.

वाजवणं सुरू झालं. सनई शेळ्यांची वाट चढू लागली. राजाने डोळे मिटले. ढोल आला, झांज आली, किंगरीचा सूर मागे लागून राहिला. खेमाच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. तुटू द्यायचं नाही. श्वास तोडायचा नाही.

वाजवणं भरात आलं. जिथे पूर्वी थांबायचे ती जागा आली, आणि सनईने उसळी घेतली. तेवढ्यात किंगरी बंद पडली.

खेमाने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. कोंडाईने गज उचलला होता. आजसुद्धा! राजासमोर! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रधानानेही मान वळवून पाहिलं आणि बोट उगारलं. एक वाद्य थांबलं होतं. तेवढ्यावर भागेल की नाही, कोण जाणे.

जागा सरली. किंगरी सुरू झाली नाही. म्हातारी उठायला गेली. मागच्या भालाईताने तिला खांद्याला धरून खाली बसवलं, राजासमोर मध्येच उठायची मुभा नव्हती. तिने तोंड उघडलं, काही तरी म्हणाली, पण ढोलात ते बुडून गेलं. मग तिने गज वर केला आणि कड्याकडे रोखला.

खेमाने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्या तोंडावर हट्ट नव्हता. ती भ्यालेली होती.

तो वाजवतच होता. बोटं आपोआप फिरत होती, डोळे मात्र तिच्या गजामागे गेले. कडा होता तसाच होता. त्याने नजर खाली आणली. मैदानाच्या कडेने झरा वाहायचा. साऱ्या पावसाळ्यात तो भरून चालला होता. आता त्याच्या पात्रात पाणी दिसेना. नुसता लाल चिखल ओघळत होता.



झरा असा आटेल कसा? कालपर्यंत तर पाणवठ्याच्या पायऱ्या बुडवत होता. काही तरी वरती अडलं होतं, काही तरी हललं होतं. ऐकलं पाहिजे. पण ऐकायचं तर थांबायला हवं. आणि थांबलं तर घरटी दोन माणसं. दादा तर परत येणारच नाही, शिवाय दादाच्या जोडीला आणखी एक. कदाचित तो स्वतः. कदाचित हे काहीच नसेल, नुसती दगडात अडकलेली फांदी असेल, आणि तेवढ्यासाठी आपण गावाच्या गळ्यात धोंड बांधू. लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या नावाने बोटं मोडतील.

 राजा डोलत होता. अजून थोडंच वाजवायचं होतं.

खेमाने सनई खाली घेतली.

ढोल दचकून थांबला. झांज थांबली. साऱ्या मैदानावर एकदम शांतता पडली. राजाने डोळे उघडले.

"कुणी थांबवलं?"

"म्या थांबवलं, म्हाराज. दोन म्हणला व्हता, घरटी चार न्या. पण आधी हितनं उठा."

"बहाणा आहे, महाराज," प्रधान गरजला. "विसरला असेल पुढचं. आता सारवासारव करतो आहे."

"म्हाराज, तुमच्या पाया पडतो. एकवार गप ऱ्हाऊन ऐका."

राजाचा चेहरा लाल झाला होता. तरी त्या माणसाच्या डोळ्यांत त्याला काय दिसलं कोण जाणे. त्याने प्रधानाला हाताने गप्प केलं आणि कान दिला.

डोंगराच्या पोटातून आवाज येत होता. दाणे न घालता कुणी जड जातं ओढावं, तसा. खालून, थांबून थांबून. गावातल्या म्हाताऱ्यांनी तो कधी ऐकला नव्हता, पण कुणाला तो समजावून सांगावा लागला नाही.

"पळा!" कोंडाई ओरडली. "टेकाडावर पळा!"

मग काय विचारता! ढोलवाल्याने घरात मागे राहिलेल्या माणसांना बाहेर काढायला ढोल बडवायला घेतला. आया पोरांना बखोटीला मारून धावल्या. म्हातारी आणि आजारी माणसं भोयांनी राजाच्या मेण्यात कोंबली, आणि राजा स्वतः जामा गुडघ्यापर्यंत उचलून त्या लाल चिखलातून पळाला. प्रधानाचा एक जोडा तिथेच रुतला. शेवटचं माणूस समोरच्या टेकाडावर चढलं, आणि कडा सुटला.

आधी झाडं उभीच्या उभी खाली सरकली. मग दगड आले, माती आली, आणि धुळीने ऊन झाकून टाकलं. धूळ बसली तेव्हा मैदान नव्हतं, गालिचा नव्हता, आणि गावही नव्हतं. माणूस एकही दगावलं नाही. पण घरं गेली, दावणीला बांधलेली जनावरं गेली, कणग्यांमधलं वर्षाचं धान्य गेलं.

राजाने त्या ढिगाकडे पाहिलं. मग म्हणाला, "वेठ माफ. ज्यांना स्वतःचं घर पहिल्यापासून बांधायचं आहे, त्यांच्याकडून मी किल्ला कसला बांधून घेऊ?" त्याने खांद्यावरचा शेला काढून खेमापुढे धरला. "तू माझा जीव वाचवलास."

लोक खेमाकडे कौतुकाने पाहू लागले. खेमाचा हात पुढे झाला नाही. त्याने आत्याकडे पाहिलं.

कोंडाई धापा टाकत एका दगडावर बसली होती. तिने त्याला ना शिव्या दिल्या, ना जवळ घेतलं. एवढंच म्हणाली, "लेकरा, ह्यो कडा काय आजच बोलला आसंल? पावसाळाभर बोलत आसंल. रोज त्याच्या पायाशी बसत व्हतो आपण. रोज त्याचा वाटा काढला आसता तर गुरं सोडली आसती, दाणं हलवलं आसतं."

 खेमा खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

राजाने शब्द पाळला. काही दिवसांनी वेठीला गेलेली माणसं घाट चढून परतली. सगळ्यांच्या पुढे खेमाचा भाऊ होता. घराच्या ओढीने तो झपाझपा चालत आला, आणि वळणावर येऊन उभाच राहिला. नुसती माती आणि धोंडे. त्याला वाटलं आपण वाट चुकलो.

टेकाडावरून खेमा धावत खाली आला. भावाने त्याला घट्ट धरलं आणि विचारलं, "खेमा, घर कुठं रं आपलं?"

खेमाने ढिगाकडे बोट दाखवलं. 

"डोंगर सांगत व्हता, दादा. म्या वाजवत व्हतो."

म्हणून सांगतो, लहानांनो आणि मोठ्यांनो: ज्याच्याकडून आपण आपली कला घेतली, त्याचं ऐकण्यासाठी जो थांबत नाही, त्याची कलाच एक दिवस त्याचे कान बंद करते.