द्वारकाआजींचा उपास

फार मागे एकदा एका गावात एक वृद्ध सुतार राहत असे. कुबड्या, काठ्या, बसून ढकलायच्या गाड्या, असल्याच वस्तू तो घडवी. ज्यांचे शरीर त्यांचे ऐकत नाही, अशी माणसे लांबून त्याच्याकडे येत. त्याच्यापाशी एक शिष्य होता. हात कमालीचा कुशल, आणि ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होते.

त्याच गावात द्वारकाआजी होत्या. त्यांचे हात थरथरत. घास तोंडाशी पोहोचेपर्यंत निम्मा पदरावर सांडे. चारचौघांत शोभा नको, म्हणून कोणत्याही पंगतीत त्या म्हणत, "आज माझा उपास आहे." लोकांना वाटे, म्हातारी फार देवभोळी. आता त्यांच्या नातीचे लग्न ठरले होते. त्या दिवशी तरी उपास नको, म्हणून त्यांनी सुताराकडे येऊन आपली अडचण सांगितली.

शिष्याने त्यांच्यासाठी शिसवीचा चमचा केला. दांड्यावर वेलबुट्टी कोरली, आरशासारखी झिलई दिली. आजी कार्यशाळेत आल्या, बाकावर बसून त्यांनी चमचा हातात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे रे बाळा. देव तुझं भलं करो."

शिष्य हवेत तरंगतच गुरूंकडे गेला.

"द्वारकाबाई काय म्हणाल्या?" वृद्धाने विचारले.

"छान आहे म्हणाल्या."

"आणखी?"

"आशीर्वाद दिला."

"म्हणजे काहीच बोलल्या नाहीत," वृद्ध म्हणाला. त्याने चमचा घेतला, करवत उचलली आणि तो वेलबुट्टीचा दांडा सरळ कापून टाकला. उरलेली वाटी एका न तासलेल्या काटकीला सुतळीने बांधली. "हा घेऊन उद्या त्यांच्या घरी जा. जेवणाच्या वेळी जा."

शिष्याने खाली पडलेला दांडा उचलला. गुरुजींना चळ लागला की काय? का माझे काम त्यांच्यापेक्षा सरस झाले, हे त्यांना बघवले नाही? छे, गुरुजी तसे नाहीत. मग हे ध्यान घेऊन एका म्हाताऱ्या बाईपुढे उभे कशासाठी राहायचे? दुसऱ्या दिवशी वाटभर त्याचे स्वतःशीच भांडण चालले होते.

आजी स्वयंपाकघरात जमिनीवर ताटाशी बसल्या होत्या. ती काटकी पाहून त्या खो खो हसल्या. "अरे मेल्या, हे काय आणलंस?" हसता हसता त्यांनी ती हातात घेतली, आमटीत बुडवली आणि बोलू लागल्या. "हे बघ, ही हलकी आहे. कालचा चमचाही हलकाच होता, हातात नाचायचा. पूजेची पितळी पळी धरली की हात पुष्कळ शांत राहतो. आणि तू मला बाकावर बसवलंस. मी जेवते खाली बसून. ताट कुठं, तोंड कुठं! सगळं सांडतं ते त्या वाटेत."

"मग काल का नाही सांगितलंत?" शिष्याला रडू यायचे बाकी राहिले होते.

"एवढा जीव ओतून वेली कोरल्यास, तुला काय नावं ठेवायची?"

"मग ताटाखाली चौरंग करतो, आजी. उंच."

"कर. पण माझ्या एकटीपुढे मांडू नकोस. लोक विचारतील. मग मी आपली उपासच धरीन."

शिष्य परतला तो अधिकच गोंधळून. सुंदर वस्तूला आशीर्वाद आणि ओबडधोबड वस्तूला एवढे बोल! त्याने सारे गुरूंना सांगितले.

वृद्ध म्हणाला, "ज्याला जन्मभर दुसऱ्याची मदत घ्यावी लागते ना, त्याला 'छान आहे' म्हणायची सवय जडते. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही, ही धास्ती असते. तुझ्या झिलईपुढे त्यांना केवळ आभार मानता येत होते. अपुऱ्या वस्तूत त्यांना जागा मिळाली. कापला तो दांडा नव्हे बाळा, त्यांचा संकोच."

शिष्याने उठून रंधा घेतला.

लग्नाच्या दिवशी म्हाताऱ्यांच्या पंगतीत प्रत्येकापुढे चौरंग होता. ताट सरकू नये म्हणून चौरंगाला चारी बाजूंनी काठ होता. एका हाताने अधू असलेले एक गृहस्थ प्रथमच ताट न धरता पोळी मोडत होते. शेजारच्या अंध आजोबांनी काठावरून बोट फिरवून ताट अचूक गाठले. कोणता चौरंग कोणासाठी केला, हे पंगतीत कोणालाच कळेना. शिष्य दाराशी उभा राहून पाहत होता. क्षणभर त्याचाही गोंधळ उडाला, आणि या वेळी तो त्याला आवडला.

दांड्यात पितळ भरलेला, बिनवेलीचा चमचा एका थरथरत्या मुठीत होता. वाढपी पुढे सरकला, तसा मागून खणखणीत आवाज आला, "अरे, पळतोस कुठं? आमटी वाढ इकडं!"

"आजी, आज उपास नाही?" वाढप्याने विचारले.

"सुटला," द्वारकाआजी म्हणाल्या.