करंजाच्या बेचक्यातले गवत

नदीकाठच्या एका जंगलात, उंबराच्या ढोलीत, एक साळुंकी राहत असे. गावातल्या शाळेच्या खिडकीत बसून बसून ती पुष्कळ काही शिकली होती. मग गाव सोडून ती या जंगलात आली, तेव्हापासून सगळे तिला ‘बाई’ म्हणू लागले. ऊन कलले की जो तो आपापला प्रश्न घेऊन उंबराखाली जमे.

“बाई, काजव्याच्या बुडाला आग लागते, मग तो बोंबलत कसा नाही?” सशाने विचारले.

“अरे वेड्या, ती आग नव्हे, थंड उजेड आहे. त्याच्या पोटात एक रस असतो. त्याला हवा लागली की तो चमकतो.”

“आणि पहाटेचं दव कोण शिंपडतं हो?” खारीने शेपटी उडवली.

“कुणी नाही गं. हवेतलीच वाफ गार पानाला टेकली की तिचं पाणी होतं.”

“आमच्या बाईंना येत नाही असा प्रश्नच नाही!” म्हातारे रानडुक्कर कौतुकाने म्हणे. साळुंकीला हे वाक्य फार आवडे. ते कधी खोटे ठरेल की काय, या धास्तीने तिला मधूनच जाग येई.

एका उन्हाळ्यात तिथे एक टिटवी नवीन आली. मुलांनो, टिटवी काही झाडावर घरटे बांधत नाही. ती उघड्यावर, खडे-गोट्यांतच अंडी घालते. ती बिचकत बिचकत म्हणाली, “बाई, नदीच्या पात्रात मी एक छान जागा पाहिलीय. पण शेजारच्या करंजाच्या बेचक्यात, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, वाळकं गवत अडकलंय. चिखलानं माखलेलं. एकाच झाडावर नाही, ओळीनं सगळ्याच झाडांवर, एकाच उंचीला. ते तिथं कुणी नेलं असेल?”

साळुंकीने ते गवत कधी निरखून पाहिले नव्हते. शाळेतही त्याबद्दल काही कानावर पडले नव्हते. ‘मला माहीत नाही’ हे शब्द अगदी चोचीपर्यंत आले. पण सगळे तिच्याकडे डोळे लावून बसले होते. रानडुकराने काहीतरी बोलायला तोंड उघडले होते. त्याच्या आधीच ती घाईघाईने म्हणाली,

“त्यात काय एवढं? वेंधळ्या पाखरांची अर्धवट टाकलेली घरटी ती! घाल खुशाल अंडी.”

सगळे हसले. रानडुकराने तोंड मिटून मान डोलावली. टिटवीचा जीव भांड्यात पडला. “विचारलं ते बरं झालं बाई, मी उगीच भिऊन वर माळावर जाणार होते.”

पुढे एका दुपारी जंगलात लख्ख ऊन असताना दूर डोंगरात ढग फुटले. नदीला गढूळ पाण्याचा लोंढा आला. टिटवीचा आक्रोश उंबरापर्यंत ऐकू येत होता. पाणी ओसरल्यावर साळुंकी धावत गेली. पात्र धुऊन निघाले होते, अंड्यांची खूणही उरली नव्हती. तिने वर पाहिले. करंजाच्या बेचक्यात, वाळक्या गवताच्या शेजारीच, नवे हिरवे गवत लोंबत होते. त्यातून अजून पाणी ठिबकत होते.

“पुराचंच असावं असं वाटलं होतं मला तेव्हा,” मागून आलेले रानडुक्कर हळूच म्हणाले. “पण म्हटलं, बाई सांगतायत तर आपण कशाला मध्ये बोला?”

साळुंकीला वाटले, पंखांत तोंड खुपसावे आणि पुन्हा कुणालाही दिसू नये. त्यातून टिटवीने तिचीच समजूत घातली. “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका बाई. मलाच नीट सांगता आलं नसेल.”

“नाही गं,” साळुंकी म्हणाली. “तू अगदी नीट सांगितलंस. मलाच माहीत नव्हतं.”

टिटवीने वर त्या ठिबकणाऱ्या गवताकडे पाहिले. मग ती म्हणाली, “तेव्हा एवढंच म्हणाला असतात, तरी मी माळावर गेले असते.” या वेळी तिने ‘बाई’ म्हटले नाही. ती उडून गेली.

दुसऱ्या दिवशी साळुंकी आपली उंच फांदी सोडून खाली सगळ्यांत येऊन बसली. सशाने विचारले, “वाळवीला वारुळात अंधारातलं दिसतं कसं?” ती म्हणाली, “मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे का?” ससा आ वासून बघत राहिला. तेवढ्यात वरच्या माळावरून टिटवीची साद आली आणि साळुंकीने मान खाली घातली.

तात्पर्य : ठाऊक नसताना ठोकून दिलेले उत्तर, ज्याला खरे ठाऊक आहे त्याचेही तोंड बंद करते, म्हणून ‘मला माहीत नाही’ म्हणायला लाजू नये.