पैलवानाने आवळलेले पायडल

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी, हे सांगायला त्या वेळचे कुणी आता उरलेले नाही. एक राज्य होते. तिथे राजाकडे हत्ती होते आणि प्रजेकडे सायकली.

त्या राज्यातल्या एका खेड्यात साळूबाई नावाची सुईण राहत होती. पंचक्रोशीतली निम्मी पोरे तिच्याच हातावर जन्मली होती. कुठूनही बोलावणे आले की ती पदर खोचायची, पिशवी अडकवायची आणि सायकलवर टांग टाकायची.

तिचा नवरा शिदोजी पैलवान होता. माणूस लाखातला, पण हात राक्षसाचे. त्याने लावलेले झाकण दुसऱ्या कुणाला उघडत नसे. त्याने विणलेल्या बाजेवर पाहुणा टेकला की चेंडूसारखा वर उडे. शिदोजीचे म्हणणे एकच, "घट्ट म्हणजे पक्कं!"

एकदा साळूबाईच्या सायकलचे उजवे पायडल डुगडुगू लागले. पाय ठेवला की ते इकडे तिकडे हलायचे आणि कट्‌कट् वाजायचे.

"अहो, जरा बघता का याला?" ती म्हणाली.

"बघायचंय काय त्यात? आवळतो की!" शिदोजीने पाना घेतला, पायडलाच्या टोकाची टोपी काढली आणि आतला नट अंगातली सगळी ताकद लावून आवळला. डुगडुग थांबली. आवाजही थांबला.

"फिरतंय का नीट?"

शिदोजीने तळहाताने पायडलाला एक तडाखा दिला. ते फिरले. त्याच्या तडाख्याने जातेसुद्धा फिरले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या गावाहून एक म्हातारबाबा सायकल मारत, धापा टाकत आले. "साळूबाई, चला लवकर! आमच्या सूनबाईला कळा सुटल्यात. पहिलटकरीण आहे, पोर घाबरून गेलीय!"

साळूबाई तडक निघाली. पुढे ती, मागे बाबा. गाव सुटले तोच तिला पायाखाली काहीतरी विचित्र वाटू लागले. पायडल आधी जड झाले, मग आतून करकरले आणि मग फिरेनासेच झाले. ते अडले, पण ज्या दांडीत ते बसवलेले होते ती चाकासोबत फिरतच होती. त्यामुळे त्या दांडीतूनच ते उलटे सुटू लागले. चढावर साळूबाईने जोर लावला आणि पायडल निखळून धुळीत पडले. तीही पडता पडता वाचली.

म्हातारबाबांचा चेहरा उतरला. "आता काय करायचं? तुम्हाला मागं बसवून हा चढ चढायची ताकद माझ्यात नाही हो."

साळूबाईने पडलेले पायडल उचलून पिशवीत टाकले आणि आपली सायकल बाभळीला टेकवून बाबांची सायकल हातात घेतली. "बाबा, तुम्ही मागं बसा."

"मी?"

"तुम्हीच. आणि घट्ट धरा!"

त्या दिवशी शेतातल्या बायाबापड्यांनी एक नवल पाहिले. सुईणबाई चढावर सायकल हाणते आहे आणि मागे पांढऱ्या मिशांचे म्हातारबाबा धोतर सावरत "रामा, रामा" म्हणत बसले आहेत!

ती घरात शिरली तेव्हा बाळाचे डोके दिसू लागले होते. डोके बाहेर आले आणि साळूबाईच्या ध्यानात आले. नाळेचा वेढा बाळाच्या गळ्याभोवती पडला होता. भोवतालच्या बायका ओरडल्या, "ओढा, ओढा लवकर!"

"कुणी ओढायचं नाही," साळूबाई शांतपणे म्हणाली. तिने एक बोट हलकेच त्या वेढ्याखाली सरकवले, वेढा थोडा सैल केला आणि बाळाच्या डोक्यावरून अलगद काढून घेतला. मग एक कोवळा, खणखणीत टाहो घुमला. मुलगी होती. म्हातारबाबा अंगणात अक्षरशः नाचले.

साळूबाई बाभळीजवळची सायकल ढकलत घरी परतली आणि पिशवीतले पायडल तिने शिदोजीपुढे ठेवले. तिने घडले ते सगळे सांगितले. शिदोजी मटकन खाली बसला.

"माझ्यामुळं त्या लेकराला काही झालं असतं तर?"

"झालं नाही ना? मग उठा. आज हे दोघं मिळून उघडू."

त्यांनी अंगणात फडके पसरले. पायडल उघडले तर आतले इवलेसे पोलादी छर्रे चिरडून चपटे झालेले. वंगणाचा तर काळा चिखल झाला होता. त्यांनी आतली वाटी रॉकेलने स्वच्छ धुतली, कोरडी पुसली, नवे ग्रीस भरले आणि त्यात नवे छर्रे बसवायला घेतले. तेवढ्यात कोंबडी आली आणि दाणा समजून एक छर्रा मटकावून पसार झाली. पैलवान तिच्यामागे अंगणभर धावला. कोंबडी काही सापडली नाही. साळूबाई हसून हसून लोळायची तेवढी राहिली. बरे की जास्तीचा एक छर्रा होता.

मग खरे काम आले. छर्ऱ्यांना दाबून धरणारा आतला नट बसवायचा होता. शिदोजीने तो बसवला, पायडल फिरवले, तर ते अडले. थोडा सैल केला, तर डुगडुगले. पुन्हा आवळला, पुन्हा अडले. त्याच्या कपाळावर घाम आला. "शंभर जोर मारीन, पण हे नको!"

साळूबाई त्याच्याजवळ सरकली. "अहो, तान्ह्या बाळाची मान कशी धरतात?"

"मोडेल म्हणून मी कधी धरलीच नाही."

"पडू द्यायची नाही आणि दाबायचीही नाही. तसंच धरा. नुसत्या बोटांनी."

शिदोजीने पाना बाजूला ठेवला. श्वास रोखून दोन बोटांनी नट टेकेपर्यंत फिरवला आणि मग केसभर मागे घेतला. आता त्याला जागच्या जागी धरून ठेवणारा बाहेरचा नट आवळायचा होता. तो आवळताना आतलाही सोबत फिरून घट्ट होतो, हे आता त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून साळूबाईने आतला नट धरून ठेवला आणि शिदोजीने बाहेरचा बसवला. पायडल हलवून पाहिले, डुगडुग नाही. मग त्याने एका बोटाने हलकेच टिचकी मारली.

पायडल फिरू लागले. फिरतच राहिले. आवाज नाही, अडखळ नाही. शिदोजी त्याच्याकडे लहान मुलासारखा पाहत राहिला. कुस्ती जिंकल्यावरही तो इतका हरखला नव्हता.

सव्वा महिन्याने पलीकडच्या गावी बारसे झाले तेव्हा साळूबाईच्या सायकलवरून दोघे गेले. चढावर पायडल शिदोजीने मारले आणि ती मागे बसून गाणे म्हणत होती. बारशात म्हातारबाबांनी बाळ पैलवानाच्या पुढे केले. तो आधी दोन पावले मागे सरला. मग त्याने ते दोन्ही हातांत घेतले, पडणार नाही इतके घट्ट आणि दुखणार नाही इतके सैल. बाळ त्याच्या मिशीकडे बघून पहिल्यांदाच हसले, आणि पैलवानाच्या डोळ्यांत पाणी आले.

तात्पर्य : जे जपायचे ते सैल सोडू नये आणि आवळूनही टाकू नये, त्याला फिरायला जागा ठेवली तरच ते टिकते.