न गळणारे द्रोण

मंडळी, एक सांगा. माल विकणारा म्हणाला, "डोळे मिटून घ्या," तर त्याच्यावर विश्वास ठेवावा का? मी तरी अशा वेळी डोळे जास्तच उघडे ठेवतो. मला एका तूपवाल्यानं असंच म्हटलं होतं. डब्यात वर बोटभर तूप निघालं, खाली उकडलेला बटाटा. असो. ही गोष्ट त्याच्याही आधीची, फार फार जुन्या काळातली.

एका राज्यात एक मोठं विद्यापीठ होतं. देशोदेशीची मुलं तिथं शिकायची आणि पोटभर जेवायची. जेवण मिळायचं लाखेनं मढवलेल्या वाट्यांतून. जेवण झालं की वाटी मागच्या ओढ्यात. लाख काही कुजत नाही. ओढा तुंबला आणि वाट्यांसकट पाणी शेजारच्या गावात शिरलं.

गावची पाटलीण सरजाबाई थेट आचार्यांपुढे उभी राहिली. "तुमची पोरं शहाणी होतात आन् आमचं वावर उष्ट्या वाट्यांनी भरतं. हे कसलं शिक्षण म्हणायचं, गुरुजी?"

आचार्य भले गृहस्थ. मान खाली घालून म्हणाले, "बाई, उद्यापासून पळसाच्या पानांचे द्रोण. ते खड्ड्यात कुजवू आणि सगळं खत तुमच्या वावराला देऊ."

त्या शब्दावर सरजाबाईनं खड्ड्यासाठी आपलंच वावर मोकळं सोडलं. "यंदाची मिरची गेली तर जाऊ द्या. पण पुढच्या पेरणीला खत मिळालं नाही, तर माझी चूल पेटायची नाही. ध्यानात ठेवा."

द्रोण आले. पहिल्याच पंगतीत एक विद्यार्थी ओरडला, "अरे, माझी कढी कोपरापर्यंत आली!"

शेजारचा म्हणाला, "मग चाट की! वाया कशाला घालवतोस?"

हशा पिकला, पण मग कुरकुर सुरू झाली. कुणाचं धोतर भिजलं, कुणाची पोथी. मुलं कोठारी त्र्यंबकभटांच्या मागे लागली. भाताचं आळं करून कढी त्यात वाढा, हे सुचवायचं सोडून कोठारी बाजारात गेले आणि म्हणाले, "न गळणारे द्रोण द्या."

व्यापाऱ्यानं दिले. हिरवेगार, तुकतुकीत. कोठाऱ्यांनी विचारलं, "पानाचेच ना?"

"पानाचेच, भटजी. हात लावून बघा."

हात लागला, समाधान झालं. ही चकाकी कसली, हे कुणी विचारलं नाही. आचार्यांनीही नाही. कढी जागच्या जागी राहत होती. आणखी काय हवं?

वर्ष सरलं. मृगाच्या आधी खड्डा उघडायचा ठरला. गाव जमलं, विद्यार्थी जमले, हलगी वाजली. फावड्याला हार घातला होता. पहिला घाव बसला आणि हलगी थांबली.

आत माती नव्हतीच. द्रोणात द्रोण बसलेले, जसेच्या तसे. दसऱ्याच्या खिरीचा काळा थरसुद्धा तळाशी शाबूत. खाली खणलं, तरी तेच. दुर्गंधीनं लोक मागे सरले.

"ही... ही तर कालची पानं असतील," आचार्य पुटपुटले.

कोठाऱ्यांनी एका द्रोणाला नख लावलं. लाखेचा पातळ पापुद्रा सोलून हातात आला.

सरजाबाई ओरडली नाही. तिनं एक द्रोण उचलला, आपल्या तांब्यातलं पाणी त्यात ओतलं आणि सगळ्यांसमोर वर धरला.

"बघा गुरुजी. वरीसभर मातीत होता. अजून थेंब गळत नाही."

विद्यार्थी एकमेकांकडे बघेनात. गळू नये असं तर त्यांनीच मागितलं होतं.

आचार्यांनी कोठार उघडून तिच्या घरी धान्य पाठवलं. तिनं ते घेतलं आणि निरोप दिला, "यानं पोट भरतं. वावर भरत नाही." विद्यार्थी कितीतरी महिने हातांनी द्रोण वेचत राहिले. तरी ते वावर पुढची बरीच वर्षं पडीकच राहिलं. पुढं विद्यापीठात कुठलाही नवा द्रोण पंगतीत येण्याआधी पावसाळाभर मातीत पुरून पाहू लागले. पण सरजाबाईची पेरणी हुकली ती हुकलीच.

चांगल्या कामाला आपल्या सोयीचा मुलामा दिला, तर त्याची झळ भलत्यालाच लागते.

तेव्हा मंडळी, एक विनंती. हातात काय आलं ते मांडता, तसं हातातून काय टाकलं आणि ते कुणाच्या दारात गेलं, हेही मांडत जा. हिशेब खरा ठेवा.